दोन्ही फोटोंतली शेळी

ये नमू, अशी जवळ बस. दारात नको, इथं माझ्या खाटेपाशी. आणि आधी तो फोन पालथा घाल. दिवाळीत आली होतीस तेव्हाही एका हातात घास आणि दुसऱ्या हातात हेच. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं. मी मुद्दामच टाकलं नव्हतं, म्हटलं बघू तरी. ताट साफ करून उठलीस आणि वरून म्हणालीस, मावशीआजी, वरण मस्त झालं होतं. असं कुठं असतं का बाई? जिला खाल्लेलं कळत नाही तिला वाचलेलं काय कळणार?

रागावू नको. माझ्या बहिणीची नात तू, तुला नाही बोलणार तर कोणाला बोलणार. तू तिकडं पुण्याला नोकरीत, मी इकडं धाडच्या अलीकडं आमच्या गावात. म्हणून कागदावरच तुला जवळ बसवून घेतलंय. बोलताना मी मले-तुले बोलते हे तुला माहीत आहे. लिहायला बसलं की मात्र पेन आपोआप पदर सावरून घेतं. घेऊ दे. मधूनमधून तो घसरेलच.

आज माझे पाय एका जागी ठरत नाहीत. घरात जाते, बाहेर येते. अंगणाच्या कुडापर्यंत जाऊन परत फिरते. उगीचच मोठ्या गंजावरचं झाकण काढून बघते. गंजात गहू भिजत पडलेत, कुरडयांचे. सकाळी पाणी बदललं. बोटात दाणा दाबला की आता पांढरं निघतंय, म्हणजे उद्या वाटायचे, गाळायचे, चीक बसवायचा. तो वास तुला आठवतो का? आंबूस, ओलसर, जरासा दुधासारखा. लहानपणी तू नाक दाबून पळायचीस आणि चीक शिजला की वाटी घेऊन सगळ्यांच्या पुढं.

एरवी हा वास मला गोड लागतो. पण सकाळपासून त्यात गल्लीतून फिरणाऱ्या रिक्षाचा भोंगा मिसळला आहे. निवडणूक पुन्हा आली आहे. भिजल्या गव्हाचा वास आणि प्रचाराचा भोंगा एकत्र आले की एक उन्हाळा परत येऊन अंगणात उभा राहतो. त्याला बस म्हणावं तर तो बसत नाही, जा म्हणावं तर जात नाही.

तुला कुरडई फक्त तळलेली माहीत. करताना बघितली असशील तरी ध्यान फोनात. म्हणून सांगते. कुरडई एकटीनं होत नाही. पापड होतील, शेवया रडतखडत होतील, कुरडई नाही. चीक एकसारखा हालवत राहावा लागतो, हात थांबला की तळाला धरतो. शिजला की गरम असतानाच साच्यात भरून दाबायचा. गार झाला की तार तुटते. म्हणजे एकीनं चुलीपाशी, एकीनं साच्यापाशी. तिसरी कोणी कोरड्या हाताची असली तर खाटेवरच्या कुरडया सारख्या करते, कोंबड्या हाकलते आणि आम्हाला पाणी पाजते. कारण आम्हा दोघींचे हात कोपरापर्यंत चिकात.

दोघी म्हणजे मी आणि गोकर्णा. कुडापलीकडची. आमच्या दोन अंगणांच्या मधात तुराट्यांचा कूड आहे, दर वर्षी नव्या तुराट्या लागतात आणि दर वर्षी एका जागी तो वाकलेलाच असतो, कारण तिथूनच आमची ये-जा. साचा तिचा. लाकडी चौकटीतला, पितळी भांड्याचा, तिच्या आजेसासूच्या वेळचा, जड. मोठा गंज माझा. लोक म्हणतात बघा कशी जोडी जमली. जमली तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं.

तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून हेही सांगते. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरचं पाणी त्या घरात चालत नव्हतं. आम्ही बुद्धाचे, ते पाटलांच्या भावकीतले. गोकर्णा आणि मी एकाच वयाच्या, एकाच साली आलेल्या सुना, कुडावरून बोलायचो, हसायचो. पण वाटी कुडावरून जायची ती एकाच बाजूनं यायची. तिच्याकडून माझ्याकडं. माझ्याकडून तिच्याकडं काही जात नसे. मला ते टोचायचं. तिलाही टोचत असावं, कारण वाटी देताना ती माझ्याकडं बघत नसे.

मग एका उन्हाळ्यात ती चीक हालवत होती आणि उकळता थेंब उडून मनगटावर बसला. थेंब म्हणजे केवढा, पण चिकाचा थेंब चिकटून राहतो, कातडं घेऊनच सुटतो. तिनं चाटू सोडला. घरात दुसरं कोणी नाही, फक्त ओसरीवर तिची सासू, गुडघ्यांच्या दुखण्यानं खिळलेली. मी कूड ओलांडून गेले आणि चाटू धरला. धरल्यावर मला कळलं मी काय केलं. सासूनं माझ्याकडं बघितलं. माझा हात थबकला. म्हातारी चिकाकडं बघत म्हणाली, "घट्ट होऊन राह्यलं ते. हालव जोरानं."

तेवढंच. नमू, मोठमोठी भाषणं ऐकली मी आयुष्यात, पण माझ्या कानात राहिलेलं वाक्य म्हटलं तर हे. त्या साली त्या घरात माझ्या हातच्या कुरडया तळल्या गेल्या. पुढच्या सालापासून दोन्ही घरांचं वाळवण एकाच खाटेवर. एवढी साधी गोष्ट, पण ती आमच्या दोघींची कमाई आहे. शेत नाही, सोनं नाही, ही कमाई.

आता फोनाचं ऐक.

तिला तिच्या लेकीनं फोन दिला, मला माझ्या लेकीनं. दोघींचे एकाच दुकानातले असावेत, वाजायचेही सारखे. मला वाचता येतं. माझ्या लेकाच्या, प्रशांतच्या पुस्तकांवरून मी अक्षरं शिकले, पुढं किराण्याच्या पुड्या सोडवून सोडवून वाचत गेले. पण चुलीपाशी चष्म्यावर वाफ धरते आणि हात तर चिकात. म्हणून आमची रीतच पडली. दोन्ही फोन खाटेच्या कडेला ठेवायचे आणि वाजला की माझी सून उज्ज्वला वाचून दाखवणार. कोणाची सोयरीक जमली, कोण दवाखान्यात, कुठं गारपीट झाली. कुरडया करता करता आम्ही दोन्ही घरांच्या बातम्या ऐकायचो. फार मजा वाटायची तेव्हा.

पूर्वी आमच्याकडं बातमी पायानं यायची. धाडच्या बाजारातून कोणी आलं की सांगायचं. आपण विचारायचं, कोणं सांगितलं? मग नाव निघायचं, आणि त्या नावावरून बातमीचं वजन ठरायचं. किसन म्हणून एक जीपवाला होता. त्यानं सांगितलं की पूल वाहून गेला, तर समजायचं पुलावर पाणी आलं. त्याची बातमी सगळं गाव अर्धी करून घ्यायचं, तोही रागावत नसे. एक मास्तरीणबाई होत्या, त्या कमी बोलायच्या. त्या म्हणाल्या ढग दिसतात की आम्ही वाळवण उचलायला पळायचो. माणूस बघून बातमी मोजायची, अशी आमची रीत. वाईट नव्हती.

पण फोनात काय झालं? बातमी आली जावयाकडून. माझे जावई मेहकरचे, गोकर्णेचे वडनेर भोलजीचे. आता तू सांग, जावयाची बातमी अर्धी करून कशी घ्यायची? ज्यांच्या ताटात पहिली पोळी वाढायची, ज्यांना उन्हातून आले की पाय धुवायला पाणी द्यायचं, त्यांनी पाठवलेलं खोटं कसं म्हणायचं? आमच्यात तर वाचून नुसतं ठेवून देणंही बरं दिसत नसे. खाली लिहिलेलं असायचं, पुढं पाठवा. जावयांनी सांगितलं पुढं पाठवा आणि सासूनं पाठवलं नाही, तर लेकीला ऐकावं लागेल असं वाटायचं. बायका मानापायी पाठवायच्या. वाचून पाठवायच्या असंही नाही.

त्या उन्हाळ्यात मोठी निवडणूक होती. माझ्या फोनात एक फोटो आला. वर निळी पट्टी. पडलेली भिंत, विटांचा ढीग, एक उलटी पडलेली खुर्ची. खाली लिहिलेलं, शेजारच्या गावात आपल्या विहाराची भिंत पाडली, पाडणारे कोण ते तुम्हाला माहीत आहे, बातम्यांत हे दाखवणार नाहीत, मत देताना विसरू नका. सुरुवातीला आम्ही एकमेकांना जसा नमस्कार करतो तसाच नमस्कार. शेवटी आम्ही जशी शपथ घालतो तशी शपथ. ज्यानं कोणी हे लिहिलं त्याला माझं घर आतून माहीत होतं, नमू. माझं कुठं दुखतं ते माहीत होतं. माझ्या सासऱ्यांनी पाणवठ्यावर काय सोसलं ते त्याला कोणी सांगितलं होतं का? नाही. पण त्यानं बोट नेमकं तिथंच ठेवलं.

प्रशांत चिखलीला शिकवतो, रविवारी येतो. त्याला दाखवलं. तो गंभीर झाला. म्हणाला, आई, जपून राहा, थोडे दिवस कुडाकडं जाऊ नका. मी म्हटलं, अरे गोकर्णा आहे ती. तर म्हणाला, गोकर्णाकाकू चांगल्याच आहेत, पण त्या लोकांच्या फोनात काय काय चालतं तुला माहीत नाही. ते लोक फसतात आई. आपले लोक वाचणारे आहेत.

हे वाक्य लक्षात ठेव. पुढं लागेल.

दोनच दिवसांत गावाची हवा बदलली. हापशावर गोकर्णा दिसली तर तिनं मान वळवली. मीही वळवली, कोणी आधी वळवली ते आता सांगता येणार नाही. तिची नातवंडं आमच्या अंगणातल्या जांभळाखाली असायची, ती यायची बंद झाली. पारावर पोरं दोन टोकांना बसायला लागली. कोणी कोणाला शिवी दिली नाही, काही नाही. फक्त सगळे हळू बोलायला लागले. मी पहिल्यांदाच दुपारी फाटकाला आतून कडी घातली. घालताना माझी मलाच लाज वाटली, आणि काढावीशीही वाटली नाही. बातमी खोटी असली तरी तिच्यानं येणारी भीती खरीच असते. घास उतरत नाही तो खरंच उतरत नाही.

आणि घरात गहू भिजलेले. गव्हाला निवडणूक कळत नाही. तो आपल्या हिशेबानं आंबतो. वाटून, गाळून, चीक बसला, वरचं पाणी काढलं. आता शिजवला नाही तर फेकायचा. अन्न फेकायचं मला कोणी शिकवलं नाही. मी चूल पेटवली आणि उज्ज्वलेला म्हटलं, जा, साचा मागून आण. फक्त साचा. बोलू नको काही.

ती गेली आणि नुसतीच परत आली. म्हणाली, काकू म्हणाल्या, "माहा साचा एकटा जात नसते. मीच घेऊन येतो."

आणि आली. प्रेमानं आली असं समजू नकोस. साच्याच्या राखणीला आली. आजेसासूचा साचा, या दिवसांत दुसऱ्याच्या दारात कसा सोडायचा? वाकल्या कुडातून साचा उराशी धरून आली, माझ्याकडं पाठ करून बसली आणि साचा तेवढा मागं सरकवला. मी त्यात चीक घातला. साचा कुरकुरत होता, चीक फसफसत होता, लांबून भोंगा ओरडत होता, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या एकमेकींकडं न बघता कुरडया घालत होतो. अशा सुरेख गोल कुरडया कधी झाल्या नसतील. रागात हात नीट चालतात की काय कोण जाणे.

तेवढ्यात फोन वाजला. गोकर्णेचा. सवयीनं तीही खाटेवर ठेवून बसली होती. आणि सवयीनंच तिच्या तोंडून निघून गेलं, "वाच व माय, कोणाचं काय आलं."

उज्ज्वलेनं फोन उचलला. वाचायला लागली आणि थांबली. गोकर्णा म्हणाली, वाच ना. तर ती हळूच वाचू लागली. शेजारच्या गावात आपल्या मंदिराचा ओटा फोडला, फोडणारे कोण ते तुम्हाला माहीत आहे, बातम्यांत हे दाखवणार नाहीत. वर भगवी पट्टी. हा फोटो म्हणे तिच्याकडं आधीही आला होता, आज जावयांनी पुन्हा पाठवला होता. म्हणून ती पाठ करून बसली होती. मी ज्या भीतीनं कडी घातली, त्याच भीतीनं ती.

माझा हात चाटूवर थांबला. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. आणि उज्ज्वला अजून फोटोतच बघत होती. मग तिनं माझाही फोन उचलला, आमचा निळ्या पट्टीचा फोटो शोधून काढला, दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले.

"आत्या, हे शेळी पाहा बरं."

"कोणती शेळी?"

"हे काळ्या कानाची. इटाच्या ढिगावर उभी हाये. काकूच्या फोनातबी हेच हाये, तशीच, त्याच इटेवर पाय देऊन."

आम्ही दोघी चिकाचे हात वर धरून वाकलो. चष्म्यावर वाफ. गोकर्णेनं तिच्या पोलक्याच्या बाहीनं माझा चष्मा पुसला, तेव्हा दिसलं. पांढरी शेळी, एक कान काळा. तीच उलटी खुर्ची. तीच भिंत. आमच्या विहाराच्या ढिगावर उभी असलेली शेळी त्यांच्या मंदिराच्या ढिगावर उभी होती आणि दोन्हीकडं काहीतरी चघळत होती.

मग गोकर्णा म्हणाली, "मंग भिंत कोणाची व ही, सुलोचना?"

मी म्हटलं, "शेळीले ठाऊक."

ती हसली. मग मी हसले. मग तळाला चीक धरल्याचा वास आला आणि गोकर्णा म्हणाली, "हालव माय, घट्ट होऊन राह्यलं." तिच्या सासूचेच शब्द. ती मुद्दाम म्हणाली की आपसूक निघालं, मी विचारलं नाही.

आता तुला वाटेल, झालं, गोष्ट संपली. अशी कुठं संपते. कुरडया पालथ्या घालता घालता गोकर्णेचं तोंड पुन्हा उतरलं. म्हणाली, "पण जावई खोटं कायले बोलतीन व?" बघ. शेळीवर संशय घेणं सोपं, जावयावर अवघड. तिनं लेकीकडून अडून अडून चौकशी केली. जावयांना त्यांच्या साहेबांनी पाठवलं होतं. साहेबांना त्यांच्या गुरुबंधूंनी. मी माझ्या जावयांना फोन लावला, तब्येत विचारली, उन्हाळा विचारला, म्हैस विचारली आणि फोन ठेवून दिला. मूळ गोष्ट जिभेवरून पुढं सरकलीच नाही. प्रत्येकाला ती बातमी कोणीतरी मानाच्या माणसानं दिलेली. वर वर चढत गेलं की शेवटी कोण, तर कोणी नाही.

आणि पुरुषमाणसं काय म्हणाली? रविवारी प्रशांतला शेळी दाखवली. त्यानं दोन्ही फोटो मोठे करून करून बघितले. मग म्हणाला, आई, फोटो चुकीचा असेल, पण गोष्ट खरी आहे, असं घडतंच ना? तिकडं गोकर्णेचा मुलगाही तिला अगदी हेच म्हणाला. फोटो चुकीचा, गोष्ट खरी. आणि तिच्या मुलानं आणखी एक सांगितलं होतं ते तिनं मला फार पुढं सांगितलं: आई, त्या लोकांना कोणीही भडकावतं, आपण विचार करणारी माणसं.

म्हटलं होतं ना, वाक्य लक्षात ठेव.

धाडच्या बाजारात एक शिंपी बसायचा. एकाच थानातून गोकर्णेचं पोलकं बेतायचा आणि माझंही. ती अंगानं भरलेली, मी काटकी. तिला म्हणायचा, काकू, तुम्हाला जरा ऐसपैस ठेवतो. मला म्हणायचा, तुम्हाला अंगासरसं. दोघी खूष. हे खोटंही तसंच. थान एक, मापं दोन. तिच्या मापाचं तिच्या भीतीला, माझ्या मापाचं माझ्या दुखण्याला. आणि अंगात बरोबर बसलं की माणसाला वाटतं हे माझ्याचसाठी आहे, म्हणजे खरंच असणार. त्याच दिवसांत उज्ज्वलेच्या फोनात, तिनं अर्ज भरला होता ती नोकरभरती रद्द झाल्याचं आलं होतं, ती दोन दिवस जेवली नाही. म्हाताऱ्यांना निराधारचा पगार बंद होणार असं आलं, त्या तहसिलीत जाऊन बसल्या. ज्याला जे लागतं ते. आणि सगळं 'शेजारच्या गावात'. शेजारचं गाव कोणाला नसतं, नमू? नाव नाही घातलं की ते गाव कुठंही चालतं.

ती भिंत कोणाची, कुठली, कोणी पाडली की आपोआप पडली, मला आजवर कळलेलं नाही. कधी कधी वाटतं कोणा गरिबाचं घर असेल. त्याची खुर्ची, त्याची शेळी. त्याच्या पडल्या घरावर आम्ही दोन्हीकडचे लोक रडलो, आणि त्याच्यासाठी कोणीच नाही.

तेव्हापासून आम्हा दोघींत एक बोली झाली. काही खळबळजनक आलं की कुडावरून हाक मारायची, शेळी आली का व? म्हणजे तुझ्याकडं काय आलं ते सांग, माझ्याकडचं मी सांगते. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. सगळ्या वेळी शेळी सापडायची असं नाही. पण विचारता विचारता धडधड कमी व्हायची. प्रशांत हसतो आम्हाला. हसू दे.

आणि तूही हसलीस. दिवाळीत, त्याच बिनमिठाच्या जेवणानंतर, तू मला फोनातला एक फोटो दाखवलास. साड्यांच्या ढिगावर झुंबड केलेल्या खेड्यातल्या बायका. म्हणालीस, बघ मावशीआजी, तुमच्याकडचे लोक साडीवर मत विकतात, आणि मग आम्ही भोगतो. मी राजकारणात नसते, असंही म्हणालीस. मी त्या फोटोतच बघत राहिले. तुला वाटलं मला वाईट वाटलं. वाटलंही. पण खरं सांगू का, मी त्या फोटोत शेळी शोधत होते. ज्यांना वाटतं आपण या सगळ्याच्या वर आहोत, त्यांच्याही मापाचं कोणीतरी शिवत असणार की. ते पोलकं तुला फार बरोबर बसलं होतं बाई.

आता आजचं सांगते, ज्यासाठी पाय ठरत नाहीत.

चार-पाच दिवसांपासून फोनात एक नवीनच फिरतं आहे. या वेळी फोटो नाही, आवाज आहे. एक बाई रडत रडत बोलते. आमच्याच बोलीत, मले-तुले करत, मधेच हुंदका देत. तिच्या लेकीसोबत काय झालं ते सांगते, करणारे कोण तेही सांगते. जावयांनीच पाठवलं. मी ऐकलं आणि माझे डोळे भरले. मग वाटलं, ही बाई आहे तरी का? प्रशांत म्हणतो आता असे आवाज बनवताही येतात. बनवत असतील. पण खरी असली तर? खऱ्या आईचं रडणं मी खोटं म्हणून टाकून दिलं, तर मी कोण? फोटोत शेळी दिसली. आवाजात शेळी कुठं शोधायची?

आणि गोकर्णेच्या फोनात कोण रडते आहे, मला माहीत नाही. तीच बाई, दुसऱ्यांची नावं घेऊन? चार-पाच दिवसांत कुडावरून हाक आलेली नाही. शेळी आली का, असं तिनं विचारलं नाही, मीही विचारलं नाही. काल मी वाकल्या कुडापाशी जाऊन उभी राहिले. ती ओसरीवर होती, आत गेली. ऊन होतं म्हणून गेली असेल. इतक्या वर्षांत आमच्या वाटीला आता दोन्ही बाजूंनी यायची सवय झाली आहे. एका हुंदक्यानं ती मोडेल असं मला वाटत नाही. पण वाटत नाही असं म्हणता म्हणताच मी पुन्हा कुडापर्यंत जाऊन येते.

आत्ता लिहिताना पलीकडून आवाज येतो आहे. चिंचेनं पितळ घासल्याचा, चरचर चरचर. साचा घासते आहे की नुसताच तांब्या, इथून कळत नाही. मी लिहायचं थांबवून ऐकते, तर आवाज थांबतो. पुन्हा लिहायला लागले की पुन्हा सुरू.

उद्या चीक बसेल, परवा शिजवायचा. ती आली तर, आणि मला वाटतं साच्याच्या राखणीला तरी ती येईलच, आमचे दोघींचे हात कोपरापर्यंत चिकात असतील. दोन्ही फोन खाटेवर वाजतील. आणि वाचणारं कोणी नाही. उज्ज्वलेला नोकरी लागली, ती आता बुलढाण्याला असते, सणावारी येते. आम्हाला मधे बसणारं कोणीतरी लागतं, जे दोन्ही फोन शेजारी धरून मोठ्यानं वाचेल, एकीचं ऐकवून दुसरीचं लपवणार नाही.

म्हणून म्हणते, ये. कागद उशिरा पोचला, परवा नाही जमलं, तर गहू काय, मी पुन्हा भिजवीन. बुलढाण्याहून एसटी आहे, नाहीतर जीप धर. वाटीभर चीक तुझ्यासाठी काढून ठेवते, तेल-तिखट घालून. तुझाही फोन आण, तिसरा तो मधे ठेवू, त्यातही कुठं काळा कान दिसतो का बघू. गोकर्णा आली नसली तर कुडाशी जाऊन तूच तिला हाक मार. तुझी हाक ती टाळणार नाही, लहानपणी तुला तिनंच न्हाऊ घातलंय. ये लवकर बाई. बाकी काही आणू नको, तेवढे हात कोरडे घेऊन ये.